जोडगोळीत नेमकं कोण आहे?

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात गेले दोन आठवडे एकच भांडण चालू आहे. कुणाच्या तरी मोबाईलवर संदेश आला: सूज-वेदनेची तीन औषधांची गोळी म्हणजे विष आहे, किडनी जाते, आजच बंद करा आणि दहा जणांना पाठवा. निवृत्त मुख्याध्यापक आहेत आमच्यात, त्यांचं म्हणणं, सरकारनं ही गोळी बंदच करायला पाहिजे. माझा एक मित्र मेडिकल चालवतो. तो म्हणतो, वीस वर्षं देतोय, कुणाला काही झालेलं बघितलं नाही. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ दोघांनाही गप्प करतात, "चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, मिटला विषय." चौथे कायम असतातच. ते निर्गुंडीच्या तेलाची बाटली पुढे करतात आणि ॲलोपॅथीवर घसरतात.

चौघंही तावातावानं बोलतात आणि चौघंही भलत्याच प्रश्नावर बोलतात, असं माझं मत आहे. गोळी चांगली की वाईट, हा वाद व्यर्थ आहे. ती गोळी कोण आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसतं, देणारा सांगत नाही आणि लिहून देणाराही बऱ्याचदा फक्त ब्रँडचं नाव लिहून मोकळा होतो, खरं दुखणं इथं आहे. मराठीत जोडगोळी म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात, दोघांची नावं आपल्याला ठाऊक असतात. औषधाच्या जोडगोळीत मात्र दोघं-तिघं एकाच टोपणनावाखाली घरात शिरतात. ज्याचं नावच माहीत नाही त्याच्यापासून जपायचं कसं? म्हणून मी दोनच गोष्टी मागतो. औषधं सुटी देणं हा नियम असावा आणि जोड हा अपवाद. आणि दिलेल्या प्रत्येक गोळीबरोबर आतल्या औषधांची नावं मराठीत, हातानं का होईना, लिहून मिळावीत.

हे मला सुचलं ते मित्राच्या दुकानात बसल्यावर. शिरोली एमआयडीसीच्या वाटेवर त्याचं दुकान आहे. संध्याकाळी फौंड्रीची पाळी सुटली की तासभर गर्दी असते. एक पोरगा आला, फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासून साफ करायला, असणारा. दिवसभर ग्राइंडर धरून मनगट टम्म झालेलं, भुवयांत काळी धूळ. "आण्णा, ती तीनवाली द्या की चार. हात लई ठणकालाय." मित्रानं पट्टी काढली, कात्रीनं चार गोळ्या कापल्या, पैसे घेतले. सगळं मिळून अर्धं मिनिट. मी त्या पोराकडून तो तुकडा मागून घेतला आणि पालथा करून बघितला. कंपनीनं कायद्याप्रमाणे सगळं छापलं होतं, पण दहा गोळ्यांच्या पट्टीवर एकदाच, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. कात्री फिरल्यावर याच्या वाट्याला आलं होतं, "...पेप्टिडेज १५". बाकीची दोन नावं, चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना आणि मुदतीची तारीख उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर डब्यात गेली. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे नामांकित ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. कात्रीला त्याचं काय!

त्या तुकड्यात कोण होतं ते सांगतो. पहिलं औषध ॲसिक्लोफेनॅक, १०० मिलिग्रॅम. सूज आणि ठणका कमी करतं ते हेच. दुसरं पॅरासिटामॉल, ३२५ मिलिग्रॅम. हे ताप आणि वेदनेवर चालतं, सुजेवर त्याचा फारसा जोर नाही. तिसरं सेरॅशिओपेप्टिडेज, १५ मिलिग्रॅम. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळवलेलं हे विकर, म्हणजे एन्झाइम. सूज विरघळवतं अशी त्याची ख्याती. जपानमध्ये ते दशकानुदशकं विकलं गेलं. मग पुन्हा चाचण्या घेतल्या तेव्हा नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा त्याचा जास्त गुण दिसला नाही, आणि २०११ मध्ये ताकेदा कंपनीनं आपलं हे औषध तिथल्या बाजारातून स्वतःहून मागं घेतलं. आपल्याकडे 'तीनवाली'ला भाव आहे तो नेमका या तिसऱ्यामुळे.

पहिल्याची कुंडली जरा नीट बघितली पाहिजे. जखम झाली, सांधा सुजला की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं, त्यांच्यामुळे ठणका आणि सूज येते. ॲस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी याच भावकीतली. पण हीच रसायनं जठराचं अस्तर राखतात, आणि अंगातलं पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणारी रक्ताची वाट उघडी ठेवतात. गोळीला मनगट आणि किडनी यांतला फरक कळत नाही. ती चावी बंद करते, सगळ्या घराचं पाणी जातं. 'जेवून घेतली की बाधत नाही' ही समजूतही यामुळेच अर्धवट आहे. गोळी जठराला टोचते म्हणून व्रण होतो असं नाही, रक्तातून जाऊनही होतो. सुई घेतली तरी होतो. सोबतची पित्ताची गोळी पोटाला बऱ्यापैकी सांभाळते. किडनीला आणि हृदयाला ती काहीच मदत करत नाही.

आता समोरच्यांचं खरं मानू. सगळ्यात वजनदार मुद्दा त्या फेटलिंगवाल्या पोराचा आहे, आणि तो मांडायला रंकाळ्यावर कुणी नसतं. त्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची हजेरी. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या जोडप्याचं तेच. कोयता चालला तर पैसे, नाही तर मुकादमाची उचल अंगावर. अशा माणसाला 'विश्रांती घ्या, शेक द्या' असं सांगणं म्हणजे पोट भरलेल्यानं उपासाचं माहात्म्य सांगणं. चार गोळ्यांत चार दिवस मिळत असतील तर तो घेणारच, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती. पण याच मुद्द्याची दुसरी बाजू बघा. भट्टीपाशी किंवा उसाच्या फडात आठ-दहा तास घाम गाळणाऱ्याच्या अंगातलं पाणी आटलेलं असतं. किडनीला त्या रसायनांची सर्वांत जास्त गरज असते ती अशाच वेळी. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, तरण्याबांड ऊसतोड्यांच्या किडन्या गेल्या. मुख्य संशय उन्हाचा, कष्टाचा आणि पाणी तुटण्याचा. वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालत असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे ज्याला गोळीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तिचा सर्वांत जास्त धोका. मग त्याची गोळी काढून घ्यायची, की हे त्याला सांगायचं?

दुसरा मुद्दा, जोडऔषधं सगळीच बोगस नसतात. हे मान्यच. दाढ काढल्यावर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिलं तर एकेकट्यापेक्षा जास्त आराम पडतो, याला चांगला पुरावा आहे. दोघांची काम करण्याची रीत वेगळी. पण दोन औषधं एकत्र घेणं निराळं आणि एकाच गोळीत कायमची चिकटवणं निराळं. ॲसिक्लोफेनॅकचं घड्याळ बारा तासांचं. दिवसाला दोन गोळ्या, २०० मिलिग्रॅम, त्यापुढे नाही. पॅरासिटामॉलचा अंमल चार-सहा तासांत उतरतो. जोडगोळी दुपारी ढिली पडली की माणूस तिसरी घेतो. हवं असतं त्याला पॅरासिटामॉल, आणि त्याच्याबरोबर न मागता ॲसिक्लोफेनॅक तीनशेवर जातं. ताप आला तर पॅरासिटामॉलचंही तसंच होतं. जोडगोळ्या तीन, त्यातलं पॅरासिटामॉल ९७५. तापाची साडेसहाशेची गोळी चार वेळा, २६००. सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यातही ५००, म्हणजे १५००. बेरीज ५०७५ मिलिग्रॅम, आणि धडधाकट प्रौढ माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४०००. अंगानं बारीक असणाऱ्याची, रोज पिणाऱ्याची, लिव्हर दुखावलेल्याची त्याहून कमी. यात चूक कुणाची? त्यानं तर तीन वेगळ्या दुखण्यांवर तीन वेगळ्या गोळ्या घेतल्या होत्या. शिवाय पावसाळ्यात ताप डेंगीचा असेल तर पहिल्या औषधामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा नुसतं पॅरासिटामॉल पाहिजे. पण नुसतं मागायला आधी ते वेगळं आहे हे कळायला नको?

मुख्याध्यापकांच्या बंदीकडे येतो. बंदी कधीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण आपल्या बंद्यांचा इतिहास बघा. १० मार्च २०१६ ला केंद्रानं एका फटक्यात ३४४ जोडऔषधं बंद केली. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांनी पुन्हा छाननी केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधं बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. त्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल १२५ ही गोळी आहे. आणि १०० अधिक ३२५? ती दुकानात आहे. यामागे तज्ज्ञांचं काही गणित असेलही, पण काउंटरपुढच्या माणसाला यातून काय समजलं? दोन्ही पट्ट्या त्याच्यासाठी 'सुजेची गोळी'च.

गिधाडांची गोष्ट याहून बोलकी आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं, ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाणारी गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली, आभाळं रिकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. त्याच्या जागी आलेल्यांत होतं ॲसिक्लोफेनॅक, आणि गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. हे औषध जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. (माणसाच्या शरीरात असं रूपांतर फार थोडं होतं, घाबरवण्यासाठी हे सांगत नाही.) पाटी बदलली, आतला पाहुणा तोच. यादीवर चालणारी बंदी पाटीच्या मागं धावते.

मग 'चिठ्ठीशिवाय नको' हे बरोबर? कायदा तेच सांगतो आणि कायदा योग्य आहे. पण चिठ्ठी म्हणजे सुरक्षितता, हे मी माझ्या घरातच खोटं ठरताना बघितलंय. आईचं वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. शहरातल्या हाडाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक ब्रँड लिहिला. गावाकडचे डॉक्टर कागदाच्या पुडीत गोळ्या देतात: एक पांढरी, एक केशरी, अर्धी पिवळी. केशरी म्हणजे तेच ॲसिक्लोफेनॅक, हे आम्हाला पुढे कळलं. बीपीची गोळी तिसऱ्याच डॉक्टरांची, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं. वेदनेचं, बीपीचं आणि लघवी वाढवणारं अशा तीन औषधांची गाठ पडली की किडनीवर ताण येऊ शकतो हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. महिनाभरात आईच्या पावलांवर सूज आली. या जातीची औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, सूज त्यांचीच होती. आणि आईनं काय केलं? गोळ्या वाढवल्या. मी रागावलो तर म्हणाली, "आरं, सुजंची गोळी हाय, सुजंवरच घेतली की." रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) २.१ निघालं. वेदनेची सगळी औषधं थांबवल्यावर सहा आठवड्यांत १.३ वर आलं, आम्ही सुटलो. तिन्ही डॉक्टर पदवीधर, तिघांनीही आपापल्या परीनं बरोबरच दिलं होतं. कुणाच्याच कागदावर दुसऱ्याचं औषध नावानं नव्हतं, पुडीवर तर काहीच नव्हतं.

निर्गुंडीवाल्यांना दोनच वाक्यं. तेल चोळायला माझी हरकत नाही, आईलाही चोळतो. पण 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार काही थोडे नाहीत, आणि तिथं तर वाचायला पट्टीही नसते.

हे सगळं एकदा होऊन गेलंय. स्वीडनमधलं हुस्कवार्ना हे कारखान्याचं गाव, आपल्या उद्यमनगरासारखं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या योर्टोन नावाच्या डॉक्टरांनी एक पुडी द्यायला सुरुवात केली. फेनॅसेटिन, फेनाझोन आणि कॅफीन अशी तीन औषधं एकत्र. साथ गेली, पुडी राहिली. कामगार ती कामावर जोर यावा म्हणून घेऊ लागले, सुंदर कागदात बांधून एकमेकांना भेट देऊ लागले. पन्नाशीच्या दशकात लक्षात आलं, या गावात किडनीनं माणसं जरा जास्तच मरतात. ऑस्ट्रेलियात ॲस्पिरिन, फेनॅसेटिन, कॅफीनच्या पुड्यांनी तेच केलं. तिथं प्रिसिला किनकेड-स्मिथ या किडनीतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, १९७९ मध्ये अशा मिश्र पुड्यांची खुली विक्री थांबली आणि पुढे त्या आजाराचे रुग्ण घटत गेले. भारतात फेनॅसेटिनवर १९८३ मध्ये बंदी आली.

मग मुख्याध्यापक म्हणतील, बघा, बंदीनंच काम झालं! झालं, पण किती उशिरा. इतकी वर्षं लागली याचं एक कारण, तिघांतला गुन्हेगार कोण हे ओळखायलाच वेळ गेला. लोक पुडी घेत होते, फेनॅसेटिन घेतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं विचारलं, फेनॅसेटिन घेता का? तर माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणणार. आणि वीस वर्षांत काही झालेलं बघितलं नाही, असं म्हणणारा दुकानदार हुस्कवार्नातही असणारच. तोही खोटं बोलत नसेल. किडनी काउंटरवर येऊन तक्रार करत नाही. ती इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात डायलिसिसच्या खाटेवर जाते, आणि तिथं पोचेपर्यंत दुकानदाराचा आणि तिचा संबंध तुटलेला असतो.

'नावं लिहून देऊन काय होणार, लोकांना काय कळतंय?' हा माझ्या मित्राचा शेवटचा हुकमी एक्का. मला हा मुद्दा सर्वांत जास्त खटकतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग बांधलं त्या या गावात, तालमीत वस्ताद पोरांना बदाम मोजून देतो. जोर किती, बैठका किती, दूध किती, तूप कधी बंद, याचा हिशेब चौथी नापास पैलवानालाही तोंडपाठ असतो. उसाचा टनाचा भाव, उतारा, कपात शेतकरी झोपेतही सांगतो. या माणसांना तीन नावं आणि दोन आकडे झेपणार नाहीत? सांगितलेलं नाही म्हणून कळत नाही. पुढ्यातल्या माणसाला चार गोष्टी विचारायला किती वेळ लागतो? पोटात व्रण किंवा काळी शी कधी झाली होती का, बीपीची, हृदयाची, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, किडनीचं काही आहे का, दुसरी कुठली वेदनेची किंवा तापाची गोळी घेतोयस का. बाई असेल तर दिवस गेलेत का. लघवी कमी झाली, तोंड सुजलं, शी डांबरासारखी झाली तर गोळी टाकून दवाखाना गाठ, एवढं वर सांगायचं. आणि तीन-चार दिवसांत उतरलं नाही तर पाचव्या दिवशी गोळी नको, मनगट दाखव. ते दुखणं गोळीचं नसेल, ग्राइंडरच्या कंपनाचं असेल, आणि मग बोलायचं ते सुपरवायझरशी.

भांडून भांडून मी मित्राला एका गोष्टीला राजी केलं. कापलेला तुकडा तो आता छोट्या कागदी पाकिटात घालतो आणि वर बॉलपेननं लिहितो: १) ॲसिक्लोफेनॅक, सुजेचं, दिवसाला दोनच. २) पॅरासिटामॉल, दुखण्या-तापाचं. ३) सेरॅशिओ. तिसऱ्यापुढे काय लिहायचं ते त्याला सुचेना, म्हणून मोकळं सोडलंय. चिठ्ठीचा प्रश्न तसाच आहे, ते त्यालाही कळतं आणि मलाही.

परवा तो फेटलिंगवाला पुन्हा आला. घामानं मऊ झालेलं ते पाकीट त्यानं खिशातून काढलं, काउंटरवर सपाट केलं आणि बोट ठेवून विचारलं, "आण्णा, ह्यातलं दोन नंबरचं एकटं मिळतंय का?" मित्रानं पॅरासिटामॉलच्या सहा गोळ्या कापल्या, पाकिटात घातल्या, वर नाव लिहिलं. तो गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यापायी धंद्याची वाट लागणार बघ," आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बॉलपेन शोधायला लागला.